गोळी पोटात गेली, मग जाते कुठं? औषध बाहेर फेकणाऱ्या पंपांची पार्श्वभूमी

मागच्या पावसाळ्यात खानापूरच्या काकींचा युरिन कल्चरचा रिपोर्ट बेळगावच्या लॅबमधून आला, ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया, आणि औषधांच्या नावांपुढं नुसतं आर, आर, आर म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा, एस म्हणजे औषध चालणारं, ते फक्त तीन ठिकाणी. काकी म्हणाल्या, "गोळ्या पोटात गेल्या की रे, मग जातात कुठं?" रेझिस्टन्सची कारणं बरीच असतात, औषध तोडणारी एन्झाइम वगैरे, इथं फक्त पंपाचं लिहितोय, म्हणजे पेशीच्या पडद्यात बसून औषध बाहेर फेकणाऱ्या प्रोटीनचं.

1973 ला डेन्मार्कच्या केल्ड डानो यांनी दाखवलं की कॅन्सरच्या काही पेशी डौनोमायसिन हे कॅन्सरचं औषध चक्क ऊर्जा खर्चून बाहेर टाकतात. 1976 ला ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना कोल्चिसिन नावाच्या औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींवर एक मोठं प्रोटीन सापडलं, पी-ग्लायकोप्रोटीन. पी म्हणजे पर्मिएबिलिटी, आत झिरपू देणं, त्यांना वाटलं हे औषधाला आतच येऊ देत नाही. अंदाज चुकला, ते आत आलेलं औषध बाहेर फेकत होतं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. बॅक्टेरियात हीच गोष्ट 1980 ला मॅकमरी आणि लेव्ही यांनी टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकवर दाखवली.

चालतं कसं, तर जुन्या विहिरीवरची मोट आठवा, खाली भरते, वर थारोळ्यात ओतते, एका वेळी एकच काम. पंपपण एका वेळी एकाच बाजूला उघडतो, ही कल्पना यार्डेत्स्कींनी 1966 लाच मांडलेली. बैलाच्या जागी, म्हणजे ताकद पुरवायला, कुठं एटीपी हे पेशीचं इंधन, कुठं पडद्यातून आत येणारे प्रोटॉन.

पण पंपाचा आकार एक्स-रेनं बघायचा म्हणजे त्याचे क्रिस्टल पाहिजेत, आणि मेम्ब्रेनमधल्या, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या प्रोटीनचे क्रिस्टल करणं म्हणजे डोक्याला ताप. अमेरिकेच्या जेफ्री चँग यांनी 2001 ला एमएसबीए नावाच्या पंपाची रचना छापली, वाहवा झाली, पुढं तसेच आणखी पेपर आले. मग 2006 ला स्वित्झर्लंडच्या डॉसन आणि लोकर यांनी सॅव्ह1866 या तशाच पंपाची रचना काढली, ती चँगच्या रचनेशी जुळेचना. शोधलं तर घरच्याच एका प्रोग्रॅमनं डेटाचे दोन कॉलम उलटे केलेले! पाच पेपर मागं घेतले. माणूस खचला असता हो, पण 2009 ला त्यांच्याच ग्रुपनं उंदराच्या पी-ग्लायकोप्रोटीनची रचना दिली, आत तोंड उघडलेली, मधे मोठी पोकळी, म्हणून तर इतक्या वेगवेगळ्या जातीची औषधं त्यात मावतात.

ई. कोलायचा एसीआरबी नावाचा पंप वेगळ्या घराण्यातला, तीन सारखे भाग एकमेकांना चिकटून, पाळीपाळीनं घेणं, धरणं, ढकलणं, हे जपानमध्ये मुराकामींनी 2002 आणि 2006 ला उलगडलं. पुढं टोलसी नावाच्या प्रोटीनची नळी, माल थेट पेशीच्या बाहेर.

काकींना मोटेचं सांगितलं तर म्हणाल्या, "मग बैलच सोडा की." नेमकं तेच चाललंय, पंप अडवणारी औषधं शोधताहेत, पण बॅक्टेरियासाठीचं असं एकही औषध अजून मेडिकलच्या काउंटरवर आलेलं नाही.