तासाला सतरा वेळा पडणं

माझी लेक अकरा महिन्यांची असताना भिंतीला धरून उभी राहायला लागली आणि मग आमच्या घरात दिवसभर नुसतं धपाधप. उभी राहायची, दोन पावलं टाकायची, बुडावर आपटायची, परत उठायची. मी मागे हात पसरून आणि सासूबाई पुढे उशा टाकत. रात्री झोपताना मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून टेंगूळ शोधायचे, इतकी घाबरलेली होते मी. तेव्हा जे मला कोणी सांगितलं नाही ते आता लिहितेय, कारण माझ्यासारख्या बऱ्याच आया असतील.

न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत कॅरन अ‍ॅडॉल्फ नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, बाळं चालायला कशी शिकतात यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. २०१२ साली त्यांच्या टीमने १२ ते १९ महिन्यांच्या बाळांना खोलीत मोकळं खेळू दिलं, व्हिडिओ घेतला आणि बसून एकेक पाऊल मोजलं. सरासरी निघाली तासाला २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! म्हणजे दिवसातले सहा तास जरी बाळ असं हिंडतं-फिरतं धरलं तरी शंभरेक वेळा पडतं. आणि बहुतेक वेळा रडतही नाही, उठतं आणि पुढे जातं.

यात मला सगळ्यात आवडलेला प्रश्न वेगळाच आहे. रांगण्यात पटाईत झालेलं बाळ, जे घरभर भराभरा पोचतं, ते ती हक्काची गोष्ट सोडून डळमळत उभं का राहतं? त्यांनी हेही मोजलं. नुकतं चालायला लागलेलं बाळ तासाला जास्त वेळा पडतं हे खरं, पण ते हिंडतंही खूप जास्त, आणि जेवढं अंतर कापलं त्या हिशोबाने बघितलं तर पडणं काही वाढत नाही. तेवढ्याच पडण्यात जास्त जग बघायला मिळतं. कोणी न शिकवता वर्षभराचं पोर हा सौदा करतं, मला तर याचं फार कौतुक वाटतं.

अ‍ॅडॉल्फ यांचा अजून एक जुना प्रयोग आहे, उताराचा. घसरगुंडीसारखी फळी, तिचा उतार कमी-जास्त करता येतो, बाळाला वर ठेवायचं, खाली आई बोलावतेय, आणि बाजूला पकडायला माणूस तयार. नुकतं रांगायला लागलेलं बाळ कितीही तीव्र उतार असला तरी बिनधास्त खाली डोकं घालतं. काही आठवडे रांगून झाले की तेच बाळ कडेला थांबतं, हाताने चाचपतं, नको म्हणून मागे फिरतं. आपल्याला वाटेल झालं, आता याला उतार कळला. पण तेच बाळ चालायला लागलं की परत त्याच उतारावरून धाडकन खाली! रांगताना शिकलेलं चालताना उपयोगी पडत नाही. म्हणजे "इथे धोका आहे" असं एक वाक्य बाळाच्या डोक्यात बसतंय असं नाही, "माझ्या आत्ताच्या शरीराला हे झेपेल का" याचा अंदाज बसतोय, आणि शरीर बदललं, नवीन काही करायला लागलं की तो अंदाज पहिल्यापासून बांधावा लागतो. आपण बाहेरून ओरडून तो अंदाज पोराच्या अंगात घालू शकत नाही. याच मुद्द्यासाठी मी हा सगळा लेख लिहितेय.

कारण मग पुढे काय होतं, तर तेच पोर सहा-सात वर्षांचं होतं आणि आपण त्याला अंदाज बांधायच्या जागाच ठेवत नाही. खाली पार्किंग, समोर रस्ता, क्लास, आणि हातात मोबाईल. आमच्या लहानपणी सूरपारंब्या होत्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, एकाने पायाखालून काठी लांब फेकायची, ज्याच्यावर राज्य आहे तो ती आणेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर चढून बसायचं, मग तो आपल्याला शिवायला वर येणार आणि आपण पारंबीला लोंबकळून धप्पकन खाली उडी मारून त्याच्या आधी काठी गाठायची. आता नॉर्वेतल्या संशोधक एलन सँडसेटर यांनी मुलांच्या "जोखमीच्या खेळाचे" सहा प्रकार सांगितलेत, उंची, वेग, धारदार हत्यारं, आग-पाणी यांच्या जवळ खेळणं, लुटुपुटुची मारामारी, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. आमच्या वडाखाली यातले चार तरी रोज व्हायचे.

सँडसेटर आणि त्यांचे सहकारी केनेर यांचं २०११ मधलं म्हणणं असं की हे खेळ भीतीवरचं औषध आहेत. उंचीची, हरवण्याची भीती लहान मुलात असते आणि असायलाच हवी, पण मूल थोडं वर चढतं, छातीत धडधडतं, काही वाईट होत नाही, मग उद्या थोडं आणखी वर. फोबिया बरा करताना मानसोपचारात नेमकं हेच करतात, थोड्या थोड्या मात्रेत भीतीसमोर उभं करतात. पोरं ते फुकटात, हसत-खिदळत करतात.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अजूनही पाठपुरावा चालू आहे. १९९८ मध्ये त्या अभ्यासातून एक उलटीच गोष्ट बाहेर आली. ५ ते ९ वर्षांच्या वयात जी मुलं पडून जबर लागली होती, त्यांना अठराव्या वर्षी उंचीची भीती जास्त असेल असंच कोणालाही वाटेल ना? तर असं पडणं उंचीची भीती नसलेल्यांमध्येच जास्त आढळलं. आता याचा अर्थ पडल्यामुळे भीती गेली असाच काढता येणार नाही, मुळात धीट पोरंच जास्त चढतात आणि जास्त पडतात असंही असेल, पण "एकदा पडला की कायमचा धसका घेईल" ही जी आपली समजूत आहे तिला यात काही आधार मिळत नाही.

हाडांचंही तसंच. हाडाला धक्का बसला की ते स्वतःला भरतं. २००१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलांनी ६१ सेंटीमीटर उंच खोक्यावरून, म्हणजे दोन फुटांवरून, दोन्ही पायांवर उड्या मारायच्या. शंभर उड्या, आठवड्यातून तीनदा, सात महिने. ज्या मुलांनी नुसतं स्ट्रेचिंग केलं त्यांच्यापेक्षा या मुलांच्या मांडीच्या हाडाच्या मानेत, म्हातारपणी जिथे मोडतं ना तिथे, साडेचार टक्के जास्त खनिज भरलं. दोन फूट म्हणजे अंगणातला ओटाच की. ओट्यावरून उड्या मारू नको म्हणून मी किती वेळा ओरडले असेन.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग काय मुलांना मोकाट सोडायचं? अजिबात नाही, आणि इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. एक असतो तो धोका मुलाला दिसतो, त्याला तोलता येतो, फांदी किती उंच, उडी किती लांब. दुसरा असतो तो मुलाला दिसूच शकत नाही, गंजलेला झोपाळा, उघडी वायर, कठडा नसलेली विहीर, गाड्यांचा रस्ता. दुसरा मोठ्यांनी काढायचा, पहिला मुलाकडे ठेवायचा. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये हेच सांगितलंय, बालरोगतज्ज्ञांनी, म्हणजे ज्यांच्याकडे हात मोडलेली पोरं येतात त्यांनीच! गावाकडच्या लोकांना हे आधीपासून कळत होतं असं मला वाटतं. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधायचे, वर कोणीतरी दोर धरून उभं असायचं, आणि मग उडी मात्र पोरानेच मारायची. शेवग्यावर चढायला सक्त मनाई, कारण ती फांदी वरून धडधाकट दिसते आणि कडकन मोडते. चिंच चालायची, ती लवते.

न्यूझीलंडमध्येच १६ शाळा घेतल्या, त्यातल्या आठ शाळांत मैदानं अशी थोडी मोकळी केली, बाकी आठ होत्या तशाच ठेवल्या आणि दोन वर्षं बघितलं. मोकळ्या मैदानांच्या शाळांतल्या मुलांनी सांगितलं की ढकलाढकली जास्त होते, पण बाईंकडे तक्रार घेऊन जाणं कमी झालं, आणि शाळेत आम्ही जास्त खूश आहोत असंही सांगितलं. हे मला पटतं, आपसात भांडण मिटवायला शिकणं हीसुद्धा एक उडीच असते.

या मे महिन्यात आम्ही कोकणात होतो. लेक आता सात वर्षांची आहे. परसातल्या पेरूवर चढली, मी खालून "अगं पडशील!" ओरडले, तिने दचकून खाली बघितलं आणि त्याच क्षणी तिचा पाय घसरला. पडली नाही, हाताने लटकली, गुडघा खरचटला. सासरे शांतपणे झाडाखाली येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू बोलू नको, तिचं लक्ष जातंय." मग तिला एवढंच विचारलं, "आता पाय कुठे ठेवणारेस?" ती बघायला लागली. एका फांदीवर हळूच पायाचा अंगठा दाबून बघितला, सोडला, दुसरीवर दाबला, तिथे वजन टाकलं, मग हात हलवला. मी तोंडावर हात धरून उभी. अजून दोन फांद्या वर गेली, तिसरीवर पाय ठेवला आणि थांबली. "आजोबा, ही हलतेय. मी इथूनच परत येते," म्हणाली, आणि खिशात एक कच्चा पेरू घालून आपली आपण उतरली.