प्रयोगशाळेतील उंदरांचे शारीरिक तापमान मोजणे

संसर्गजन्य रोगांच्या संशोधनात उंदराच्या शरीराचे आतले तापमान ठरावीक वेळी मोजून आजाराची वाटचाल पाहण्याची पद्धत. माणसाला थर्मामीटर लावतात तो ताप चढला का हे पाहायला. उंदराला लावतात तो बहुतेक वेळा तो गार पडू लागला का हे पाहायला. नवख्या संशोधकाची पहिली चूक इथेच होते: तो 39 अंशांची वाट पाहत बसतो आणि 34 अंशांवर आलेला उंदीर त्याच्या नजरेतून सुटतो.

निरोगी उंदराचे तापमान साधारण 36 ते 38 अंश सेल्सिअस असते. तो निशाचर असल्याने दिवसा ते कमी आणि रात्री एखादा अंश जास्त भरते. वजन जेमतेम 20 ते 30 ग्रॅम, त्यामुळे वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग फार मोठा आणि उष्णता भराभर निघून जाते. त्याला सुखाची ऊब 30 अंशांच्या आसपास वाटते. प्राणिगृह मात्र माणसांच्या सोयीने 20 ते 24 अंशांवर ठेवलेले असते. म्हणजे धडधाकट उंदीरसुद्धा दिवसभर तपकिरी चरबी जाळून स्वतःला गरम ठेवत असतो. संसर्ग झाला, खाणे सुटले की हा खर्च त्याला झेपत नाही. जिवाणूंच्या अंतर्विषाने (एलपीएस, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातले विषारी द्रव्य) उबदार खोलीत ताप येतो, तर थंड खोलीत मोठ्या मात्रेने तापमान घसरते. म्हणून खोलीचे तापमान न लिहिलेल्या नोंदी फारशा कामाच्या नसतात. भुकेला उंदीर संसर्गाशिवायही काही तास निपचित होऊन गार पडू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वांत रुळलेली पद्धत गुदमार्गाची. टोकाला गुळगुळीत मणी असलेला बारीक थर्मोकपल किंवा थर्मिस्टर प्रोब (तापमान विजेच्या संकेतातून मोजणारी सळी) वापरतात. टोकापासून 2 सेंटिमीटरवर चिकटपट्टीची खूण करतात, कारण खोली बदलली की आकडा बदलतो. 1 सेंटिमीटरवर तो हमखास कमी येतो. उंदराला पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवून शेपटीच्या बुंध्याशी धरावे. तो पुढच्या पायांनी गज पकडून पुढे ओढ घेतो, तेवढ्यात व्हॅसलीन लावलेला प्रोब हलकेच आत सरकवावा. अडथळा लागला तर जोर लावू नये; आतडे फाटू शकते. आकडा स्थिर व्हायला 10 ते 20 सेकंद लागतात. टोक लेंडीत रुतले असेल तर आकडा फसवा येतो. प्रोब काढून, पुसून आकडा पुन्हा घ्यावा. टोकावर रक्त दिसले तर त्या उंदराचे गुदमार्गी मापन थांबवावे. दोन उंदरांच्या मध्ये प्रोब 70 टक्के अल्कोहोलने पुसतात. प्रोबची पडताळणी खात्रीच्या थर्मामीटरसोबत 30, 35 आणि 40 अंशांच्या पाण्यात करतात; नुसती 37 अंशांवर केली तर गार उंदरांच्या आकड्यांची खात्री देता येत नाही.

हाताळणीच्या धास्तीनेच तापमान पाच-दहा मिनिटांत अंशभर चढते. एका पिंजऱ्यातला पाचवा उंदीर पहिल्यापेक्षा गरम निघतो तो आजाराने नव्हे, झाकण चार वेळा उघडल्याने. उपाय साधा: संसर्गाआधी तीन-चार दिवस रोज मोजून सवय लावावी, वेळ एकच ठेवावी आणि उंदरांचा क्रम रोज बदलावा. आयसोफ्लुरेन हे भुलीचे औषध देण्याआधी मोजावे, भूल दिली की तापमान उतरतेच. जैवसुरक्षा कपाटातल्या (जंतू बाहेर पडू नयेत म्हणून सतत हवा खेळवणाऱ्या कपाटातल्या) वाऱ्यातही उंदीर निवतो, तेव्हा पिंजरा उघडल्याबरोबर मोजून घ्यावे.

दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने बसवायची चिप ओळख क्रमांक आणि तापमान दोन्ही देते. उंदीर धरावा लागत नाही, ही तिची खरी कमाई. पण तिथेच तपकिरी चरबी असल्याने आकडा गुदमार्गाच्या आकड्याशी जुळेलच असे नाही. खरेदीआधी चिपची खालची मर्यादा पाहावी. 32 अंशांखाली वाचता न येणारी चिप सेप्सिसच्या (संसर्गाने शरीरभर होणाऱ्या जीवघेण्या बिघाडाच्या) प्रयोगात ऐन वेळी आंधळी होते. इन्फ्रारेड थर्मामीटर केसांचे आणि कातडीचे तापमान दाखवतो. तो वापरायचा तर अंतर आणि पोटावरची जागा रोज तीच ठेवावी. सलग नोंद हवी असेल तर पोटात टेलिमेट्री यंत्र (तापमान बिनतारी बाहेर कळवणारे यंत्र) बसवतात, पण त्यासाठी शस्त्रक्रिया आणि आठवडा-दहा दिवसांची विश्रांती लागते.

तापमानाचा सर्वांत मोलाचा उपयोग ह्युमेन एंडपॉइंट ठरवण्यासाठी होतो, म्हणजे उंदीर तडफडून मरण्याआधी त्याला दयामरण कधी द्यायचे हे ठरवण्यासाठी. सीमा रोगानुसार, उंदराच्या वाणानुसार आणि मापनपद्धतीनुसार बदलते. अनेक प्रयोगांत ती 30 ते 34 अंशांच्या दरम्यान कुठेतरी असते आणि वजनातील घट व हालचाल यांच्या जोडीने वाचली जाते. दुसऱ्याच्या प्रयोगातला आकडा उचलू नये. लहान पूर्वप्रयोगात कोणत्या आकड्याखालचे उंदीर पुन्हा सावरत नाहीत ते पाहावे आणि तो आकडा भारतात संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडून आधी मंजूर करून घ्यावा.

आलेख काढताना एक सापळा असतो. सर्वांत गार उंदीर मेले किंवा काढले गेले की दुसऱ्या दिवशी उरलेल्यांची सरासरी वर जाते आणि गट बरा होतोय असे दिसते. त्यामुळे प्रत्येक उंदराची रेघ वेगळी काढावी. सकाळी मेलेल्या सापडलेल्या उंदराच्या रकान्यात 23 लिहू नये. तो आकडा खोलीचा असतो.