बत्तीस गुंजांची चांदी

माहूत, घोडेस्वार, तिरंदाज, आचारी, न्हावी, परीट, विणकर, बुरूड, कुंभार, हिशेबनीस. मगधाचा राजा अजातशत्रू एका पौर्णिमेच्या रात्री बुद्धासमोर बसून अशी लांबलचक यादी म्हणून दाखवतो आणि विचारतो: भन्ते, ही सगळी माणसं आपापल्या धंद्यावर पोट भरतात, आईबापांना आणि बायकामुलांना सुखात ठेवतात. त्यांच्या कामाचं फळ इथेच, याच जन्मी दिसतं. तुम्हा श्रमणांच्या, घर सोडून हिंडणाऱ्यांच्या, कामाचं असं दिसणारं फळ कोणतं?

बौद्धांच्या पाली धर्मग्रंथांपैकी दीघनिकायातल्या ‘सामञ्ञफलसुत्ता’तला हा प्रसंग. प्राचीन तत्त्वज्ञान म्हटलं की आपल्याला पर्णकुटी आठवते, मिटलेले डोळे आठवतात. इथे मात्र रोकडा सवाल आहे. विचारणारा गृहस्थही साधासुधा नाही. बापाला, बिंबिसाराला, मारून तो गादीवर आला आहे. आंब्याच्या राईत साडेबाराशे भिक्षू बसलेले असूनही खोकल्याचासुद्धा आवाज येत नाही, हे पाहून त्याच्या अंगावर काटा येतो. आपल्याला फसवून शत्रूच्या हाती तर देत नाहीत ना, असं तो वाट दाखवणाऱ्या जीवक वैद्याला विचारतो.

हाच प्रश्न आपण आधी सहा जणांना विचारला होता, असं राजा सांगतो. पूरण कस्सप म्हणाला, गंगेच्या दक्षिण तीरावर कत्तल करत जा, पाप नाही. उत्तर तीरावर दानं देत जा, पुण्य नाही. मक्खली गोसालाच्या मते फेकलेली सुताची गुंडी जशी उलगडत जाते आणि सूत संपलं की थांबते, तसा जीव ठरलेले जन्म संपेपर्यंत फिरणार. शहाणा असो वा मूर्ख, घाई करून उपयोग नाही. पकुध कच्चायन सात मूळ पदार्थ मानतो. त्याच्या हिशेबाने तलवारीने डोकं उडवलं तरी कोणी कोणाला मारत नाही, पातं फक्त त्या पदार्थांच्या मधल्या फटीतून जातं. संजय बेलट्ठिपुत्त ‘आहे’ म्हणत नाही, ‘नाही’ म्हणत नाही, ‘आहे आणि नाही’ असंही म्हणत नाही. निगंठ नातपुत्त, म्हणजे महावीर, चार प्रकारचे संयम सांगतो.

आणि अजित केसकंबली. माणसांच्या केसांची घोंगडी पांघरणारा हा बाबा म्हणतो, माणूस चार महाभूतांचा बनलेला आहे. मेला की माती मातीत जाते, पाणी पाण्यात. चार माणसं आणि पाचवी तिरडी त्याला घेऊन जातात, मसणवट्यापर्यंत त्याचे गुण गातात, मग हाडं पारव्याच्या रंगाची होऊन पडतात. दानधर्म ही खुळ्यांची शिकवण. परलोक न मानणाऱ्या लोकायत मताचं इतकं जुनं आणि इतकं चित्रमय निवेदन मला दुसरं माहीत नाही.

राजाची तक्रार अशी की आंब्याबद्दल विचारावं आणि उत्तर लकुचाबद्दल मिळावं, तसं झालं. (लकुच म्हणजे फणसाच्या भावकीतलं एक आंबट फळ.) हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते प्रतिस्पर्ध्यांच्या पाठांतरातून, ही गोष्ट विसरून चालणार नाही. अजिताचं स्वतःचं एक अक्षरही उरलेलं नाही. पण एकाच खोऱ्यात, साधारण एकाच काळात, इतकी वेगवेगळी माणसं एकमेकांची मतं खोडून काढत हिंडत होती, एवढं तरी यातून नक्की समजतं. प्रश्न असा की ही गर्दी नेमकी तेव्हाच का झाली?

इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकात गंगेच्या खोऱ्यात पुन्हा शहरं उभी राहत होती. ‘पुन्हा’ म्हणायचं कारण, हडप्पा-मोहेंजोदारोची शहरं ओस पडून हजारेक वर्षं उलटली होती. राजगृह, श्रावस्ती, कौशांबी, वाराणसी, वैशाली ही नवी नावं. लोखंड वापरात आलेलं, भाताची शेती पसरलेली, श्रीमंतांच्या ताटांसाठी काळी, आरशासारखी झिलईची मातीची भांडी. आणि चांदीची नाणी.

ही नाणी आजच्यासारखी साच्यातून काढलेली गोल चकती नव्हेत. चांदीचा पत्रा ठोकायचा, त्याचे चौकोनी-वेडेवाकडे तुकडे कापायचे, वजनाला जास्त भरला तर कोपरा छाटायचा आणि वर सूर्य, चक्र, डोंगर, हत्ती असे ठसे मारायचे. नाव कार्षापण, पालीत कहापण. वजन ३२ रत्ती. रत्ती म्हणजे आपली गुंज, लाल अंगावर काळा ठिपका असलेली, सराफाच्या तराजूतून अगदी परवा-परवापर्यंत न हललेली. एक गुंज सुमारे ०.११ ग्रॅम, म्हणजे कार्षापण साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर.

हे वजन मोजण्याच्या कामात एक गोवेकर गणिती आयुष्यातली कित्येक वर्षं गुंतला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७. वडील धर्मानंद पालीचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. मुलगा हार्वर्डला शिकून आला, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागला आणि तक्षशिलेला सापडलेल्या नाण्यांचे साठे तराजूवर घालू लागला. त्याचं तर्कशास्त्र आपल्या खिशातल्या चिल्लरलाही लागू पडतं. एकाच टांकसाळीतून निघालेली नाणी सुरुवातीला जवळजवळ सारख्या वजनाची असतात. हातोहात फिरली की झिजतात. जितकी जास्त वर्षं फिरतील तितकं त्यांचं सरासरी वजन घटतं, आणि सगळी सारखी झिजत नसल्यामुळे त्यांच्या वजनांतला फरकही वाढत जातो. कोसंबींनी तक्षशिलेच्या नाण्यांच्या मागच्या बाजूवरचे बारीक ठसे मोजले. ज्या नाण्यांवर मागे जास्त ठसे, त्यांचं सरासरी वजन कमी. म्हणजे हे ठसे नाणं बाजारात असताना वेळोवेळी पडत गेले. ते राजाचे नसून नाणं पारखून घेणाऱ्या व्यापाऱ्यांचे, त्यांच्या संघटनांचे म्हणजे श्रेणींचे असावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी असं मानण्याच्या दिवसांत कोणीतरी झिजेवरून काळ काढत होतं, ही गोष्ट मला अजूनही थरारक वाटते.

आता पारखणं या शब्दाकडेच पाहा. परीक्षा आणि पारख हे एकाच कुळातले शब्द. कसाला लावणे, कसोटी, खरं-खोटं, खणखणीत: सत्याबद्दल बोलताना मराठी माणूस अजूनही सराफकट्ट्यावरच उभा असतो. भारतीय दर्शनांत ज्ञानाच्या साधनाला ‘प्रमाण’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी मापणं आहे. सोनार जसं सोनं तापवून, कापून, घासून पाहतो तसं माझं वचन पारखून घ्या, नुसत्या आदरापोटी घेऊ नका, असं बुद्धाच्या तोंडी घातलेलं एक वचन शांतरक्षिताच्या ‘तत्त्वसंग्रहा’त येतं. तो ग्रंथ आठव्या शतकातला, म्हणजे बऱ्याच नंतरचा. पण उपमा जुन्या पेठेतली आहे.

याच सुमारास, गंगेपासून हजारो किलोमीटरांवर, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर काय चाललं होतं? लिडिया नावाच्या राज्यात इसवी सनापूर्वी सातव्या शतकात सोन्या-चांदीच्या नैसर्गिक मिश्रणाची नाणी पाडली गेली. त्याची राजधानी सार्डिस, आणि शेजारच्या किनाऱ्यावर मिलेटस आणि एफेसस ही ग्रीक व्यापारी बंदरं. ग्रीक तत्त्वज्ञानाचा आरंभ ज्याच्यापासून धरतात तो थेल्स मिलेटसचा. सगळ्याच्या मुळाशी एकच द्रव्य आहे आणि ते पाणी, असं तो म्हणाला. त्याच्याबद्दल ॲरिस्टॉटल एक गोष्ट सांगतो: गरिबीवरून लोक टोचून बोलतात म्हणून थेल्सने ऑलिव्हचं पीक जोरात येणार हे आधीच ताडून, ऐन थंडीत, बयाणा देऊन सगळे तेलघाणे स्वस्तात अडवून ठेवले आणि हंगामात हव्या त्या भावाने भाड्याने दिले. गोष्ट खरी असो वा रचलेली, पहिल्या तत्त्वज्ञाबद्दल लोकांना हीच गोष्ट सांगावीशी वाटली.

एफेससचा हेराक्लिटस तर उघडच बोलून गेला: सगळ्या वस्तूंच्या बदल्यात अग्नी आणि अग्नीच्या बदल्यात सगळ्या वस्तू, जसा मालाच्या बदल्यात सोनं आणि सोन्याच्या बदल्यात माल. त्याने आपला ग्रंथ आर्टेमिस देवीच्या देवळात ठेवला होता, असं म्हणतात. त्याच देवळाच्या पायाखाली १९०४-०५ च्या उत्खननात जगातल्या सर्वांत जुन्या नाण्यांपैकी काही सापडली.

गाय, कापड, एका दिवसाची मजुरी, या एकमेकांशी काडीचं साम्य नसलेल्या गोष्टी ज्याच्यात मोजता येतात असं काहीतरी माणूस रोज मुठीत घेऊन फिरू लागला, की ‘दिसतं नाना रूपांत, पण मुळात एक’ ही कल्पना त्याला परकी राहत नाही. मांडणी मोहक आहे. म्हणूनच तिच्यापासून जपून राहावं, असं माझं मत.

कारण लिडियाकडे नाणी आधी आली, पण तिथला तत्त्वज्ञ कोणी आपल्याला ठाऊक नाही. आणि आपल्याकडचं उदाहरण तर आणखी अडचणीचं. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजा हजार गायी उभ्या करतो, प्रत्येकीच्या शिंगांना दहा-दहा पाद (एक वजन) सोनं बांधतो आणि म्हणतो, तुमच्यात सर्वांत मोठा ब्रह्मवेत्ता असेल त्याने हाकून न्याव्यात. याज्ञवल्क्य वाद सुरू व्हायच्या आधीच शिष्याला सांगतो, सामश्रवा, हाक रे गायी. बाकीचे खवळतात तेव्हा उत्तर काय, तर ब्रह्मवेत्त्याला आमचा नमस्कार, आम्हाला फक्त गायी हव्यात! (या माणसाला मिस्कीलपणात तोड नाही.) मग गार्गी त्याला विचारत जाते, हे कशात विणलेलं आहे, ते कशात विणलेलं आहे, आणि मुळाशी एकच काय याचा शोध पुढे सरकतो. इथे संपत्ती आहे, तोललेलं सोनं आहे, पण ठसा मारलेलं नाणं नाही. छांदोग्यातला उद्दालक आरुणी तर मातीच्या एका गोळ्यावरून मडक्यांचं सगळं जग समजावतो. त्याला कुंभार पुरतो, सराफ लागत नाही.

तेव्हा नाण्याने तत्त्वज्ञान जन्माला घातलं असं मी म्हणणार नाही. नाण्याने, किंवा ते ज्या शहरात फिरत होतं त्या शहराने, वेगळं काम केलं: तत्त्वज्ञान याज्ञिकांच्या सभेतून काढून रस्त्यावर आणलं. जन्माने कोण, हे न विचारता ऐकणारा श्रोता मिळाला आणि न नांगरता, न विणता हिंडणाऱ्या माणसाला पोसता येईल इतकं धान्य कोठारात साठलं. बुद्धाने अजातशत्रूला दिलेलं पहिलं उत्तर वाचा. तो मोक्षाबद्दल बोलतच नाही. तो विचारतो, महाराज, तुमचाच एखादा दास, तुमच्या आधी उठणारा, तुमच्यानंतर झोपणारा, मुंडण करून श्रमण झाला. त्याला परत बोलावून पुन्हा दास करशील? राजा म्हणतो, नाही, उलट मीच उठून त्याला नमस्कार करीन. झालं, हे पहिलं दिसणारं फळ. पुढचं उदाहरण कर भरणाऱ्या शेतकऱ्याचं.

पैशाशी मात्र या मंडळींचं कधीच नीट जमलं नाही. भिक्षूने सोनं-चांदी स्वीकारू नये, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम. पण श्रावस्तीजवळचं जेतवन हे संघाचं निवासस्थान मिळालं ते अनाथपिंडिक नावाच्या शेठीने जमिनीवर नाणी अंथरून विकत घेतल्यावर. भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, हा प्रसंग कोरला आहे: सोडलेली बैलगाडी, आणि चौकोनी नाणी फरशीसारखी बसवणारी माणसं. विनयपिटकानुसार बुद्धानंतर शंभर वर्षांनी वैशालीच्या भिक्षूंनी उपोसथाच्या (पंधरवड्याच्या व्रताच्या) दिवशी काशाच्या भांड्यात पाणी भरून ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, संघासाठी कहापण टाका, अर्धा टाका, पाव टाका. यश नावाच्या भिक्षूने आक्षेप घेतला, आणि त्या व इतर नऊ मुद्द्यांवर मोठी सभा भरवावी लागली. निकाल भांड्याच्या विरोधात गेला.

मग नाशिकला या. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक शासक) नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांतला. प्राकृत वाचता येत नसली तरी मराठी माणसाला त्यातले शब्द भेटत राहतात: लेणे, वीस, बारा. त्याने संघाला ३,००० कहापण दिले, पण भिक्षूंच्या हाती नाहीत. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण. पाऊणसाठी शब्द आहे ‘पायून’. हिशेब करून पाहा. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास (पावसाळ्याचा मुक्काम) करणारे भिक्षू वीस, प्रत्येकाला चीवरासाठी (वस्त्रासाठी) बारा. वीस बारे दोनशे चाळीस. एक कहापण इकडचा तिकडे नाही. १,००० वरचे ९० त्यांच्या किरकोळ खर्चाला.

मुद्दल कधीही परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं, अशी अट लेखात आहे. सगळं काही अनित्य आहे असं सांगणाऱ्या संघाच्या या ठेवीचं नाव भिंतीवर कोरलंय: अक्षयनीवी, कधीही न संपणारं मुद्दल. हे सारं नगरसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदवून ठेवलं, असंही लेख सांगतो.