साबणाच्या पाण्यात तडकणारं प्लास्टिक : एका चाचणीची पार्श्वभूमी

पॉलिथिलीनवर साबणाचा काहीही परिणाम होत नाही, ही समजूत १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मोडली. टेलिफोन केबलवर शिशाऐवजी पॉलिथिलीनचं आवरण चढवायला नुकती सुरुवात झाली होती. केबल जिथे वाकलेली होती आणि साबण किंवा वंगण लागलेलं होतं, तिथे आवरणाला तडे जाऊ लागले. तोच साबण सरळ, ताण नसलेल्या तुकड्याला लावला तर काहीच होत नसे. नुसता ताण दिला तरी तुकडा दीर्घकाळ टिके. दोन्ही एकत्र आले की तो तडके.

इथे रासायनिक क्रिया होत नाही, हे आजही अनेकांना पटत नाही. रेणूंच्या साखळ्या तुटत नाहीत, रंग बदलत नाही, वजनही जवळपास तेच राहतं. ताणलेल्या जागी द्रव साखळ्यांमध्ये शिरतो आणि त्या एकमेकींवरून घसरू लागतात. पॉलिथिलीनमधले स्फटिकांचे थर जोडून धरणाऱ्या साखळ्या उसवलेल्या टाक्यांसारख्या सुटत जातात. अशा तड्याची कड भिंगाखाली पाहा. ओढून फाटलेल्या प्लास्टिकला असतात तसे तंतू तिथे दिसत नाहीत. कड गुळगुळीत असते, जणू माल ठिसूळच होता.

१९५० च्या दशकात एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं ताठ पॉलिथिलीन, आलं आणि प्रश्न वाढला. त्याच्या सुरुवातीच्या ग्रेडपासून (प्रकारांपासून) बनवलेले पाइप आणि बाटल्या तडकत होत्या. गोदामात पडून राहिलेल्या त्या कच्च्या मालाला १९५८ मधल्या हुला हूपच्या, म्हणजे कमरेभोवती फिरवायच्या प्लास्टिकच्या कड्यांच्या, लाटेनं गिऱ्हाईक मिळवून दिलं. खरा उपाय नंतर आला : पॉलिथिलीन ज्यापासून बनतं त्या इथिलीनबरोबर थोडं ब्युटिन किंवा हेक्झिन घालायचं, म्हणजे साखळीला फांद्या फुटतात आणि थरांमधले दुवे वाढतात.

आता वादाच्या मुद्द्याकडे. केबलच्या अनुभवातून निघालेली वाकवलेल्या पट्टीची चाचणी १९५९ च्या सुमारास प्रमाण झाली. ३८ मिमी लांब आणि १३ मिमी रुंद पट्टी घ्यायची, मधोमध लांबीच्या दिशेनं ब्लेडनं खाच पाडायची, खाच बाहेरच्या अंगाला ठेवून पट्टी उलट्या यू आकारात वाकवायची. अशा दहा पट्ट्या पितळी खोबणीत ओळीनं बसवून ५० अंश सेल्सिअसच्या डिटर्जंट द्रावणात बुडवायच्या. निम्म्या पट्ट्या किती तासांत तडकल्या, हा निकाल. तडा बहुधा खाचेपासून निघून काटकोनात कडेकडे जातो.

केबलसाठी ही चाचणी प्रामाणिक होती, कारण वाकलेली केबल तशीच वाकलेली राहते. पण तीच पुढे बाटल्या, ड्रम आणि पाइप यांनाही लावली गेली, आणि माझ्या मते हा निर्णय चुकला. वाकवलेल्या पट्टीतला ताण प्लास्टिक सैलावत जाईल तसा आपोआप उतरतो. पहिल्या काही दिवसांत तडा पडला नाही तर सुमार मालही पास होऊ शकतो. उलट, एकावर एक रचलेल्या बाटल्यांमधल्या सर्वांत खालच्या बाटलीवरचा किंवा दाबाखालच्या पाइपवरचा भार उतरत नाही. शिवाय मऊ एलडीपीईची (कमी घनतेच्या पॉलिथिलीनची) पट्टी सुमारे ३ मिमी जाडीची घेतात, ताठ एचडीपीईची २ मिमीपेक्षा कमी. पातळ पट्टीला बाहेरच्या अंगाला ओढ कमी बसते. म्हणजे दोघांच्या तासांच्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही, तरी माहितीपत्रकात ते एकाच रकान्यात छापले जातात. ‘१००० तासांहून अधिक’ एवढं वाचून माल उचलणाऱ्याला आपण काय विकत घेतोय हे कळत नाही.

कचराभूमीच्या तळाशी अंथरायच्या जाड एचडीपीई चादरींच्या बाबतीत हे खपण्यासारखं नव्हतं, म्हणून १९९० च्या दशकात तिथे सतत भार टांगलेल्या, खाच पाडलेल्या पट्टीची चाचणी आली. या चादरींसाठी आज सर्रास मागितली जाणारी मर्यादा ५०० तासांची आहे. पाइपवाल्यांनीही भारावर आधारित चाचण्या स्वीकारल्या. बाटल्यांच्या धंद्यात मात्र पितळी खोबणी अजून ठाण मांडून आहे.

रुग्णालयांमध्ये हाच प्रकार वेगळ्या प्लास्टिकमध्ये दिसतो. सलाइनच्या नळीचा पॉलिकार्बोनेटचा जोड घट्ट पिळलेला असतो, म्हणजे ताण आधीच असतो. त्यावर निर्जंतुकीकरणाचं अल्कोहोल किंवा शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण आलं की केसासारखी चीर पडते आणि औषध गळू लागतं. इथे गळणारा प्रत्येक थेंब रुग्णाच्या हिश्शाचा असतो. जोडाची चाचणी कोरड्यात घेऊन भागणार नाही, हे कितीदा सांगितलं तरी कमीच.

दरम्यान, वाकवलेल्या पट्टीच्या चाचणीतला नेहमीचा डिटर्जंट द्रवच अडचणीत आला. तो नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट या रसायनांच्या वर्गातला आहे आणि युरोपात जानेवारी २०२१ पासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. पर्यायी द्रव घेतला की तासांचे आकडे बदलतात, त्यामुळे जुन्या नोंदींशी ताळा जुळवणं कठीण होतं.

भारतात हा विषय पुन्हा तापणार आहे तो रिसायकल दाण्यामुळे, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेल्या कच्च्या मालामुळे. २०२२ च्या नियमांनी कडक प्लास्टिकच्या वेष्टनांमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पासून ६० टक्के पुनर्वापरित माल घालण्याचं लक्ष्य ठरवलं. दिशा योग्यच आहे. पण गोळा केलेल्या एचडीपीईत पॉलिप्रॉपिलीन या वेगळ्या प्लास्टिकची झाकणं मिसळलेली असतात, फांद्या नसलेले ग्रेडही असतात, आणि तडे रोखण्याची ताकद आधी तिथेच घटते. डिटर्जंटची बाटली बनवणाऱ्यानं असा दाणा घेताना भाराखालची चाचणी मागितली पाहिजे, आणि तीही ज्या द्रवानं बाटली भरायची त्याच द्रवात.