कॉमन मॉर्मॉन

कॉमन मॉर्मॉन (पॅपिलिओ पॉलिटीस) हे पुच्छ कुळातील मोठे, काळे फुलपाखरू. मराठीत त्याला बहुरूपी असेही म्हणतात. भारत आणि श्रीलंकेपासून आग्नेय आशिया, चीन व दक्षिण जपानपर्यंत त्याचा वावर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात ते पाहायला रानात जावे लागत नाही. परड्यात कढीपत्ता किंवा लिंबू असले की ते येतेच. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत ते जास्त दिसते.

पंख पसरल्यावर त्याची रुंदी साधारण 9 ते 10 सेंटिमीटर भरते. नर ओळखणे सोपे: काळ्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी माळ आणि खाली छोटे शेपूट. लिंबावरच येणाऱ्या लाइम फुलपाखराला शेपूट नसते आणि त्याचे ठिपके पिवळसर असतात.

घोटाळा होतो तो मादीपाशी, कारण ती तीन रूपांत आढळते. सायरस रूप नरासारखेच असते. स्टिकियस रूप कॉमन रोज या दुसऱ्या फुलपाखराची नक्कल करते: मागच्या पंखावर मध्यभागी पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी. रोम्युलस रूप क्रिमझन रोज या फुलपाखरासारखे दिसते, म्हणजे पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्यांवर लाल ठिपक्यांच्या ओळी. या दोन्ही रोज फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या विषारी वेलीवर वाढतात, त्यामुळे ती फुलपाखरे पक्ष्यांना पचत नाहीत. मॉर्मॉन मात्र बिनविषारी. उसन्या वेषावर तगते. फरक पाहायचा तो अंगावर. रोजचे डोके आणि पोट लाल असते, मॉर्मॉनचे सबंध अंग काळे. पंख सोडून आधी पोटाकडे पाहिले तर सहसा चूक होत नाही.

ही रूपे ठरवण्यामागे डबलसेक्स नावाचे एकच जनुक आहे, हे जीवशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवले. नक्कल करणारी रूपे सायरसवर प्रभावी ठरतात, म्हणजे जनुकाचे दोन्ही प्रकार एकत्र आले तर नकलेचेच रूप दिसते. नरातही ते जनुक असते, पण त्याच्या पंखांवर उमटत नाही. म्हणूनच एकाच मादीच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रूपांच्या लेकी निघू शकतात.

मादी पुढच्या पायांनी पान थोपटून चव घेते आणि कोवळ्या पानावर एकेक अंडे घालते. अंडे फिकट पिवळे, गोल, मोहरीपेक्षा लहान. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते. कढीपत्ता, लिंबू, संत्रे, म्हाळुंग, बेल ही तिची खाद्यझाडे. पहिल्या चार अवस्थांत ती तपकिरी-पांढरी, चकचकीत, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि पानाच्या मधोमध उघड्यावर निवांत बसते. शेवटची कात टाकली की ती हिरवी होते, छातीवर डोळ्यासारखी नक्षी उमटते. तिला काडीने डिवचले तर डोक्यामागून लाल, दुशिंगी अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि कोळ्यांवर त्याचा उपयोग होतो, बुलबुलावर फारसा नाही.

दोन-तीन आठवडे खाल्ल्यावर अळी पातळ विष्ठा टाकते आणि झाड सोडून हिंडू लागते. काडीला शेपटीकडून चिकटून, पाठीवरून रेशमाचा फास घेऊन ती रात्रभर थांबते, मग कोष होतो. पानांजवळचा कोष हिरवा, वाळक्या फांदीवरचा तपकिरी. दहा-बारा दिवसांनी तो काळसर, पारदर्शक झाला की दुसऱ्या सकाळी फुलपाखरू निघते. थंडीत हे सगळे लांबते.

घरी वाढवायचे असेल तर जाळीचा डबा, रोज ताजी पाने आणि तिरकी काडी पुरते. बाजारचा कढीपत्ता कधीही घालू नये: त्यावर औषध फवारलेले असू शकते आणि अळ्या एका दिवसात मरतात. विष्ठा रोज काढावी, ओल साचली की रोग पसरतो. कोषाखाली निदान 10 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. पंख लटकत पसरायला जागा मिळाली नाही तर ते चुरगळलेलेच वाळतात आणि फुलपाखरू उडत नाही. कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघाल्या तर कोष बाहेर उघड्यावर असतानाच त्यांनी त्यात अंडी घातली होती असे समजावे. म्हणून कोष होण्याआधीच अळ्या जाळीत घ्याव्यात.

फूटभर उंचीचे रोप चार-पाच अळ्या फस्त करतात, तेव्हा त्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात. मोठे झाड पुन्हा फुटते. रोज फोडणीत पडणाऱ्या पाल्यावर औषध मारण्यात काहीच शहाणपण नाही.