उकाड्याचा हिशेब कुठे चुकतो?

मे महिन्यात ऐरोलीतल्या एखाद्या सोसायटीत शेवटच्या मजल्यावरच्या लोकांची उकाड्याबद्दलची मतं घेतली, सोबत खोलीचं तापमान टिपलं आणि एक्सेलमध्ये सरळ रेषा काढून त्यांना सुखद वाटणारं तापमान शोधलं, तर उत्तर बहुतेक वेळा विचित्र येतं. समजा खोल्या 30 ते 32 अंशांतच राहिल्या, सरासरी 31. उणे 3 (खूप थंड) ते अधिक 3 (खूप गरम) या पट्टीवर सरासरी मत अधिक 1. रेषेचा चढ, म्हणजे पारा एक अंश चढल्यावर मत किती सरकतं ते, 0.1. म्हणजे शून्य मतासाठी (ना गरम ना थंड) 10 अंश खाली यायचं, 21 वर! इथली माणसं 21 अंशांत पंखा बंद करून चादर ओढतात.

तापमानाचा पल्ला दोनच अंशांचा असला की मोजमापातल्या बारीकसारीक चुका चढ चपटा करतात. शिवाय माणूस गप्प बसत नाही. उकडलं की पंखा वाढवतो, पुन्हा अंघोळ करतो, त्यामुळे पारा चढला तरी मत फारसं हलत नाही. यावर ग्रिफिथ्स पद्धत चालते. चढ मतांवरून काढायचा नाही, अंशामागे 0.5 धरायचा: 31 − (1 ÷ 0.5) = 29. हे 0.5 गृहीतच आहे, म्हणून 0.4 घेऊनही बघावं; 28.5 येतं.

पडताळ्याला अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचं सूत्र आहे. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीसाठी सुखद तापमान = 0.54 × बाहेरचं 30 दिवसांचं सरासरी तापमान + 12.83. बाहेर 30 असेल तर 29.03, त्याच्या 2.38 अंश वर-खाली 90 टक्के लोकांना चालतं. सूत्र कार्यालयांतल्या मोजणीवरून आलंय, हे घरांना लावताना विसरू नये.

सगळ्यात जास्त फसवणूक मतांच्या आकड्यात होते. 20 जणांनी प्रत्येकी 30 मतं दिली की अहवालात '600 नमुने' झळकतात. पण ज्याला उकडतं त्याला रोजच उकडतं. एकाच माणसाच्या मतांमधला सहसंबंध (ती एकमेकांशी किती जुळतात ते) 0.3 धरला, तर 600 ला भागायचं 1 + 29 × 0.3 = 9.7 ने, स्वतंत्र मतं उरतात जेमतेम 62. प्रत्येक माणसाला वेगळी आधाररेषा देणारं मिश्र प्रारूप वापरावं. मतं पायऱ्यांची असल्याने क्रमवार लॉजिस्टिक (सरळ रेषेऐवजी पायऱ्यांचा क्रम धरणारं प्रारूप) केलं तर आणखी बरं.

हवेसोबत भिंती-छताची धगही मोजण्यासाठी 40 मिमीचा टेबल टेनिसचा चेंडू मॅट काळा रंगवून आत सेन्सर बसवतात. बसलेल्या माणसासाठी उंची 0.6 मीटर. पंख्याच्या थेट झोतात तो हवेचंच तापमान दाखवू लागतो, गच्चीच्या स्लॅबची धग कमी दिसते. ती धग काही तास उशिरा आत उतरते, म्हणून फक्त दुपारी मोजून चालत नाही; रात्री 9 ची नोंद हवीच.

दमटपणासाठी सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी थेट समीकरणात घालू नये. तापमान चढलं की ती आपोआप उतरते, आणि दोघांचे परिणाम एकमेकांत मिसळतात. बाष्पदाब (हवेतल्या वाफेचा दाब) काढून तो घालावा.