जिन सावर आणि आपलं कागदी लिंबू

जिन, लिंबू, साखर आणि बर्फ. जिन सावर या कॉकटेलला एवढंच लागतं. तरी परदेशी पुस्तकातलं माप घेऊन ठाण्यातल्या घरात ती केली, की पहिल्याच घोटाला दात आंबतात. यात करणाऱ्याचा हात चुकलेला नसतो. ते माप पिवळ्या, जाड सालीच्या लिंबावर बसवलेलं आहे. जांभळी नाक्याच्या मंडईत मिळतं ते कागदी लिंबू. त्याचा रस जास्त आंबट, शिवाय किंचित कडवट.

गंमत म्हणजे या पेयाचं मूळ आपल्याच किनाऱ्यांकडे येतं. 1320च्या दशकात ओडोरिक नावाचा इटालियन फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात येऊन गेला. इथल्या झाडांपासून दारू मिळते आणि ती चांगलीच चढते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. ही ताडी-माडीच. पुढे सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे लोक हिंदुस्थानात आले. युरोपातून आणलेली वाइन आणि बिअर इथल्या उन्हात टिकेना, म्हणून त्यांनी माडीपासून गाळलेला अरक जवळ केला. त्यात लिंबू, साखर, पाणी आणि मसाला घालून ते पंच बनवू लागले. कंपनीच्या माणसाने 1632 साली हिंदुस्थानातून धाडलेल्या पत्रात पंचचा उल्लेख सापडतो. खलाशांबरोबर हे पेय इंग्लंडला पोचलं आणि मोठ्या वाडग्यातून दहा जणांनी मिळून प्यायचा रिवाज पडला.

त्या वाडग्यातलं प्रमाण एका ग्लासात उतरलं, तेच सावर. जेरी थॉमस या अमेरिकी बारटेंडरच्या 1862च्या पुस्तकात जिन सावर आहे, पण तिची वेगळी कृती नाही. ‘जिन फिक्स’ नावाच्या पेयाचंच साहित्य घ्या, सजावटीची फळं वगळा आणि लिंबाचा लहानसा तुकडा ग्लासात पिळा, एवढंच तो सांगतो. फिक्समध्ये लिंबाचा पाव भाग, साखर मात्र मोठा चमचाभर आणि सोबत पाणीही. म्हणजे मूळ जिन सावर आजच्यापेक्षा बरीच गोड आणि सौम्य होती. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. आज ‘क्लासिक’ म्हणून जे आंबट माप दाखवतात ते नंतरचं आहे, त्याला चिकटून राहायचं कारण नाही.

जिनही तेव्हा निराळी होती. अमेरिकेत हॉलंडची, धान्याचा स्वाद असलेली भरदार जिन जास्त खपायची. इंग्लंडमध्ये ‘ओल्ड टॉम’ नावाची गोडसर जिन चालायची. एनियस कॉफी नावाच्या माणसाने 1830 साली मद्य गाळायच्या, अखंड चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं, त्यातून स्वच्छ मद्य निघू लागलं आणि बिनसाखरेची ‘लंडन ड्राय’ हळूहळू पुढे आली.

बर्फाची गोष्ट तर आपल्या घराजवळची. फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात बांधून 1833 साली कलकत्त्याला धाडला. मुंबईतही तो लवकरच उतरू लागला.

आपल्याकडे चांगली जिन सहज दिसू लागली ती अगदी अलीकडे. गोव्यातून 2017 साली ‘ग्रेटर दॅन’ आली, पाठोपाठ हिमालयातलं जुनिपर (जिनला तिचा स्वाद देणारं फळ) वापरणारी ‘हपुसा’ आणि ‘स्ट्रेंजर अँड सन्स’. त्याआधी इथे जिन मिळत नव्हती असं नाही, पण हौसेने निवडावं असं फार थोडं होतं. महाराष्ट्रात कायदा मात्र 1949चा दारूबंदीचाच आहे. घरी बाटली ठेवायची आणि प्यायची तर परवाना लागतो, आणि जिनसारख्या कडक मद्याला वय 25 पूर्ण हवं.

आता माप. हल्लीची पुस्तकं 60 मिली जिनला 25 ते 30 मिली लिंबाचा रस आणि 20 मिली पाक सांगतात. कागदी लिंबाला रस 20 मिलीवर आणावा आणि पाक 20 ते 25 मिली ठेवावा. पाक म्हणजे सम प्रमाणात साखर-पाणी, साखर विरघळेपर्यंत ढवळलेलं. तार येऊ देऊ नये. लिंबू आयत्या वेळी पिळावं आणि पिळणीत शेवटच्या थेंबापर्यंत दाबू नये, सालीचा कडवटपणा रसात उतरतो. मग भरपूर बर्फ घालून शेकर बाहेरून गार पडून ओलसर होईपर्यंत जोरात हलवावा.

वरचा पांढरा फेस मागाहून आला, तो अंड्याच्या पांढऱ्या भागाचा. थॉमसच्या जिन सावरमध्ये तो नाही, त्यामुळे वगळला तरी पेय अपुरं राहत नाही. कच्चं अंडं नको असेल आणि फेस मात्र हवाच असेल, तर काबुली चणे शिजवून उरलेलं पाणी आटवून, गार करून 20 मिली घालावं. आधी बर्फाशिवाय हलवायचं, मग बर्फ घालून. मीठ न घालता शिजवलेल्या चण्यांचंच पाणी घ्यावं.